बिनओरखड्याचे बूट

१२ एप्रिल

टाच दुखते म्हणून ही वही लिहायला घेतली आहे. बेळगावच्या फिजिओथेरपीवाल्या मुलीने स्पष्ट सांगितलं, "रोज लिहायचं. कधी दुखतं, पायात काय होतं, किती वेळ उभ्या होतात. न लिहिता आलात तर मी तपासणार नाही." शाळेत खेळाच्या बाई म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले, आता मला असं बोलणारं कोणी उरलं नव्हतं. मुलगी बरी वाटली.

निदान असं: टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली जो पट्टा असतो तो सुजला आहे. सकाळी उठून पहिलं पाऊल टेकवलं की खिळ्यावर पाय पडल्यासारखं होतं. उपाय: पोटऱ्या ताणायच्या, बर्फ लावायचा आणि आधार देणारे सँडल वापरायचे. पलंगावरून उतरल्याबरोबर पायात घालायचे. घरातसुद्धा.

घरातसुद्धा, हे मी पाळणार नाही. माझ्या घरात देव आहेत.

१४ एप्रिल

सुनेने, सुप्रियाने, सँडल आणले. दिसायला ओबडधोबड. टाचेला खोलगट वाटी, तळव्याच्या कमानीखाली उंचवटा, मागे पट्टा. दुकानात कसे तपासायचे ते फिजिओने तिला सांगितलं होतं. ओल्या फडक्यासारखे पिळून बघायचे. मध्येच पिळले गेले तर ठेवून द्यायचे, फक्त बोटांपाशी वाकले तर घ्यायचे.

"आत्या, आजपासून सुरू. घरात पण."

"उंबऱ्याबाहेर ठेव."

"मग आणले कशाला? फोटो काढायला?"

बाहेर जाताना घातले. बरं वाटतं, हे नोंदवते. घरात आल्यावर फरशीवर परत तेच.

१७ एप्रिल

आज वहीत टाचेशिवाय दुसरं लिहायचं आहे.

रक्षिता माझ्या शेवटच्या तुकडीतली मुलगी नव्हे, मी निवृत्त झाले तेव्हा ती आठवीत यायची होती. पण तालुक्याच्या शर्यतीत मला पंच म्हणून बोलावलं होतं, तिथे तिला पाहिलं. अनवाणी पळाली आणि बुटातल्या सगळ्या मुलींना मागे टाकलं. पळत होती म्हणण्यापेक्षा जमिनीला पाय लागत नव्हते म्हणावं. कुणबी घरातली. जोयड्याच्या वाटेवर फाट्याला उतरून, देवाच्या रानातून चढून गेलं की त्यांची वाडी. बाप लखू गोव्याला बागेत कामाला, घर आई केशर बघते.

दहावीची परीक्षा झाली. पुढे शिकायचं तर एकच वाट आहे: कारवारला क्रीडा वसतिगृहाची निवड. राहणं, जेवण, पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी, सगळं तिथेच. जागा मिळाली तर पोर शिकेल. नाही मिळाली तर केशरचा भाऊ गणपती तिला गणेशगुडीला नेणार. तो तिथल्या एका रिसॉर्टात आहे, खोल्या साफ करायला मुली हव्या आहेत म्हणे. केशरने हे मला बाजाराच्या दिवशी सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, सोय झाली म्हणून.

निवड मेच्या अखेरीला. कागदावर लिहिलं आहे: बूट सक्तीचे. अनवाणी मुलीला पळू देणार नाहीत.

म्हणून आज इथे रामनगरातच पुंडलिकच्या दुकानातून बूट घेतले. पुंडलिक माझाच विद्यार्थी. "बाई, ह्यो घ्या. तळ बघा कसा हाय, गादी हाय गादी." गादी होती खरी.

१९ एप्रिल

हायस्कूलच्या मैदानावर रक्षिताला नव्या बुटांत पळवलं. बघवलं नाही. जी मुलगी पावलाच्या पुढच्या भागावर उतरते ती टाच आपटत धप धप पळायला लागली. दुसऱ्या फेरीत जांभ्या दगडावर पाय मुरगळला. इतक्या जाड तळातून तिला खाली दगड आहे हे कळलंच नाही.

"कसं वाटतं?"

"उशी बांदून पळाल्यागत, टीचर."

बूट परत केले. पुंडलिकने घेतले, बोलून मात्र दाखवलं. "शाळेत मला पळवलासा, आता दुकानातनं पण पळवालाय."

मैदानावर तासभर उभी होते. टाच ठणकते आहे.

२२ एप्रिल

निखिल, माझा मुलगा, फोंड्याला असतो. त्याच्या कंपनीत पळणाऱ्यांची टोळी आहे. त्याने सांगितलं की अनवाणी पळणाऱ्यांसाठी निराळे बूट मिळतात. तळ पातळ, टाच आणि बोटं एकाच पातळीत, बोटांकडे रुंद, हातात घेऊन गुंडाळता येतात. माझ्या सँडलच्या नेमके उलटे. माझ्या पायाला आधार हवा, तिच्या पायाला आधार नको.

रक्षिताला संध्याकाळी बोलावून वर्तमानपत्रावर उभं केलं आणि पेन्सिलीने दोन्ही पाय रेखले. माप संध्याकाळीच घ्यायचं, दिवसभरात पाय पसरतो. तिची बोटं पंख्यासारखी. अशा पायाला पुंडलिकचा बूट म्हणजे अडकित्ता. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा सोडून माप निखिलला कळवलं.

निखिल म्हणाला, "आई, तिला सांग, एकदम पळायचं नाही त्यात. आधी चालायचं, मग थोडं थोडं. सवय व्हायला महिना लागतो."

महिनाच आहे हातात.

२७ एप्रिल

बूट आले. बाजारचा दिवस होता, मायलेकी दोघी आल्या होत्या. मी सुप्रियाच्या समोर सगळं बजावलं. आधी घरात, अंगणात घालून चालायचं. मग वाटेवर. मग पळायचं. "आणि जपून वापर. साधी वस्तू नाही. एक ओरखडा दिसला तर तुला जाब द्यावा लागेल. दर बाजाराला आणून दाखवायचे."

"व्हय टीचर."

केशरने खोकं दोन्ही हातांनी घेतलं, पिशवीतला नवा टॉवेल काढून त्यात गुंडाळलं. "काळजी करू नका टीचरबाय. आमी जपतो."

वस्तूची किंमत कळणारी माणसं. आजकाल कुठे मिळतात.

मला मैदानावर जाता येणार नाही. फिजिओने उभं राहायला बंदी केली आहे. ठरलं असं: रक्षिता तिकडेच, फाट्यापासून पुलापर्यंतच्या रस्त्यावर सराव करेल, मी आठवड्याला तपासेन.

४ मे

निकाल लागला, रक्षिता प्रथम वर्गात पास. पेढे नाही आणले, फणस आणला. मला चालतो.

बूट दाखवले. तळावरून बोट फिरवलं, मातीचा कण नाही. आत कागदाचे बोळे घालून ठेवतात, आकार बिघडू नये म्हणून. हे मी सांगितलंही नव्हतं.

"धुता का?"

"रोज पुसतो, टीचरबाय," केशर म्हणाली.

"चावतात का कुठे?"

"न्हाई टीचर," रक्षिता.

"रोज पळतेस?"

"व्हय. सकाळी दुधाच्या गाडीच्या आदी पुलावर."

मग सराव वाढवायला हरकत नाही. पुढच्या आठवड्यात चढ घ्यायचा असं सांगितलं. शिस्त लावली की पोरं करतात.

टाच: तशीच. सकाळी वाईट. सुप्रिया म्हणते, घरातल्या फरशीवर अनवाणी चालते म्हणून. तिला प्रत्येक गोष्टीचं एकच कारण सापडतं.

११ मे

रक्षिता चढावरही दुधाच्या गाडीला मागे टाकते. पोटरी दुखत नाही, फोड नाही, काही नाही. निखिलने महिना सांगितला होता, हिला पंधरवडा पुरला. पातळ तळाचे बूट निवडण्याचा निर्णय बरोबर होता. सुप्रियाला बोलून दाखवलं.

ती बूट हातात घेऊन बघत होती. "आत्या, हे बूट जरा..."

"जरा काय?"

"काही नाही."

"बोलायचं असेल तर पुरतं बोल."

"काही नाही म्हटलं ना. तुमचे सँडल पण असेच चकचकीत आहेत."

१४ मे



सकाळी मला वाटलं, एकदा डोळ्यांनी बघावं. उजाडता उजाडता सुप्रियाच्या स्कूटरवर बसून फाट्यावर गेलो. धुकं होतं. पुलाकडून पावलांचा आवाज येईना, आणि एकदम रक्षिता समोर. आवाज येणार कुठून? अनवाणी होती.

"बूट कुठे आहेत?"

तिचा चेहरा पडला. "घरी, टीचर."

"आजच नाही घातले?"

तिने अंगठ्याने खडी बाजूला सारली.

"आण."

ती रानातून वर गेली आणि खोकं घेऊन खाली आली, मागोमाग केशर, पदराला हात पुसत. टॉवेल सोडला. चुलीच्या वर, आढ्याला टांगून ठेवले होते, उंदीर लागू नयेत म्हणून. बूट उलटे करून पाहिले. कागदाचे बोळे कंपनीचेच. दुकानातून निघाल्यापासून बुटात पाय गेलेला नव्हता. एकदाही नाही.

"दोन आठवडे माझ्याशी खोटं बोललीस?"

"न्हाई टीचर. तुमी विचारलासा पळतीस का. पळतो. चावतात का म्हणलासा. चावत न्हाईत."

"चावायला घालावे लागतात! मी काय सांगितलं होतं? आधी घरात, अंगणात..."

"घरात कसं घालू टीचर? अंगण सारवलेलं, तुळस हाय. अंगणाच्या पुढं देवाचं रान, तितं कुनी घालत न्हाई. त्याच्या पुढं सगळी खडी." मग फार हळू: "ओरखडा आला असता."

केशरने बूट टॉवेलने पुन्हा एकदा पुसले आणि दोन्ही हातांवर ठेवून माझ्यापुढे धरले. "घ्या टीचरबाय. एक डाग लागू दिला न्हाई."

मी घेतले. खोकं काखेत धरून स्कूटरवर बसले. मागे वळून बघितलं नाही.

निवड तेरा दिवसांवर आली आहे. इतका बेजबाबदारपणा मी नोकरीत पाहिला नाही.

टाच: नोंद नाही.

१६ मे

सुप्रियाशी वाद.

तिने भांडी घासता घासता सुरुवात केली. "तुम्हीच म्हणालात ओरखडा आला तर जाब द्यावा लागेल. मी इथंच उभी होते."

"ते मी प्रत्येकाला म्हणते."

"होय की. म्हणून तर सगळे ऐकतात."

"घालायलाही सांगितलं होतं. ते का नाही ऐकलं?"

"दोन्ही ऐकायची सोय कुठं होती? घालायचे पण आणि ओरखडा पण नको. तुम्ही घालून दाखवा तसे."

मी तिला सांगितलं की ही पळवाट आहे. सांगितलं आणि न्हाणीघराकडे जाताना टाच अशी टेकली की भिंत धरावी लागली. ती बघत होती. तेच वाईट.

खोकं माझ्या कपाटावर आहे.

१८ मे

बाजारचा दिवस. मायलेकी आल्या नाहीत.

दुपारी पुंडलिकच्या दुकानात सँडलचा पट्टा बदलायला गेले. तो म्हणाला, "बाई, केशरताई सकाळी आलती. पोरीला चप्पल घेतली, बॅग घेतली. भाऊ न्यायला येतोय म्हणे उद्या, गणेशगुडीला."

"माझ्याकडे आली नाही ती."

"कशी येईल? तुमची वस्तू तुमच्याकडं आली. आता काय म्हणून येईल?"

म्हणजे बाजारात येऊन, माझ्या गल्लीच्या तोंडावरून गेली. मी पट्टा न बदलताच परतले.

१९ मे

सविस्तर लिहिते.

सकाळी सुप्रियाला म्हटलं फाट्यापर्यंत सोड. तिने विचारलं नाही का म्हणून, चावी घेतली. खोकं मांडीवर.

फाट्यावरून एकटी निघाले. देवाच्या रानाच्या तोंडाशी एका दगडाजवळ चपलांचे दोन जोड काढून ठेवलेले होते, वर गेलेल्या कोणाचे तरी. मी उभी राहिले. पुढची वाट मुळांची, दगडांची आणि चढाची. सँडल घातले असते तर कोणी बघणारं नव्हतं. काढले, त्या चपलांशेजारी ठेवले.

टाचेचं काय झालं ते लिहिण्यात अर्थ नाही. फिजिओ विचारेल तेव्हा तोंडी सांगेन.

केशर अंगणाच्या कडेला कोकमाच्या बिया कुटत होती, तेल काढायला. गणपती ओट्यावर चहा पीत होता, शेजारी नवी बॅग भरून ठेवलेली. मला अनवाणी, खोकं घेऊन, घामाघूम बघून सगळे उठले.

"टीचरबाय! पाय बघा तुमचं..."

"पाणी दे."

गणपती चांगला बोलणारा आहे. "टीचर, तुमी एवढं चढून आलासा, पन आमचं पोर पळून काय करनार सांगा. रिसॉर्टात पन पळायचंच हाय. ह्या खोलीतनं त्या खोलीत."

"तिथे ती दुसऱ्यांच्या चादरींमागे पळेल. मला तिला स्वतःसाठी पळताना बघायचं आहे. आठ दिवस द्या. निवड झाली नाही तर मी स्वतः बॅग उचलून गणेशगुडीला सोडेन."

"तुमच्याच्यानं बॅग उचलनार न्हाई टीचर, तुमाला चालवेना."

"म्हणूनच झाली पाहिजे निवड."

तो हसला. केशर हसली नाही. ती लेकीकडे बघत होती. रक्षिता खांबाला टेकून उभी, नव्या चपला हातात, खाली बघत.

"तुला काय करायचं आहे?" मी विचारलं. आधी विचारलं नव्हतं वाटतं.

"पळायचं हाय."

मी खोकं उघडलं. "मग घाल."

"हितं?"

"इथेच. अंगणात."

केशरचा हात बियांवर थांबला. अंगण सकाळीच सारवलेलं होतं. "घाल म्हटलं ना," मी म्हणाले. रक्षिताने बूट घातले आणि तीन पावलं टाकली. केशरने मान वळवली, पण अडवलं नाही. शेणाच्या सारवणावर बुटाचे ठसे उमटले, मी मुद्दाम पुसू दिले नाहीत.

"आता हे रोज घालायचे. खडी असो, काही असो."

"व्हय," केशर म्हणाली. "तुमची वस्तू, तुमी म्हणाल तसं."

गणपती एकटाच परत गेला.

उतरताना रक्षिता सोबत आली. रानाच्या वरच्या तोंडाशी तिने बूट काढून गळ्यात टाकले. मी हरकत घेतली नाही, मी स्वतः अनवाणीच होते. एका मुळापाशी तिने हात पुढे केला. मी धरला नाही. पुढच्या मुळापाशी धरला.

२० मे

रक्षिता आता आमच्याकडेच राहते आहे, निवडीपर्यंत. सराव हायस्कूलच्या मैदानावर, मी खुर्ची टाकून बसते.

सुप्रियाने सँडलचा दुसरा जोड आणला. कोरा. "हा घरातलाच. ह्याला रस्ता माहीत नाही. देवघरापासून लांब ठेवा आणि घाला." मी म्हटलं बघू. संध्याकाळी घातला. स्वयंपाकघरात जाताना काढते.

२२ मे

निखिलने फोनवर उपाय सांगितला. बूट पाण्यात बुडवून काढायचे आणि ते पायात वाळेपर्यंत चालायचं, म्हणजे पायाचा आकार घेतात. रक्षिताने बूट बादलीत घालायला नकार दिला. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी मी माझ्या हाताने बुडवले.

चालली. पण पाऊल अलगद टाकत, काचेवर चालावं तशी.

२३ मे

करंगळीला फोड. उजव्या बाजूची शिवण घासते. केशर वरून कोकमाचं तेल घेऊन आली, घट्ट, मेणासारखं. शिवणीला चोळलं, पोरीच्या पायाला चोळलं, मग न विचारता माझा पाय ओढून माझ्या टाचेला चोळायला लागली.

"मला भेगा नाहीत, आतून दुखतं," मी म्हटलं.

"असू दे."

असू दिलं.

२५ मे

फोड फुटला. पट्टी बांधून पळवलं. पळते, पण अनवाणी पळायची तशी नाही. काहीतरी अडतं आहे. मी तिला पाऊल टाकण्याबद्दल सगळं समजावलं: टाच आपटू नको, गुडघा सैल ठेव, लहान पावलं टाक. तिला ते सगळं आधीच येतं. मग अडतं काय?

केशरला विचारलं, पोर घाबरली आहे का. ती म्हणाली, "सांभाळून पळती, टीचरबाय." मला वाटलं, फोडाला सांभाळून.

२६ मे

कारवारला पोचलो. सुप्रियाच्या मावशीकडे उतरलो. उकाडा. रक्षिता जेवली नाही. केशर जेवली, दोघींच्या वाटणीचं. मी तिला म्हटलं, तू पळणार आहेस का? म्हणाली, "कुनीतरी खाल्लं पायजे की."

उद्या पहिल्या चौघींना जागा.

२७ मे

मैदान तांबड्या मातीचं. धूळ उडू नये म्हणून सकाळी टँकरने पाणी मारलं होतं, पलीकडच्या वळणावर जास्त झालं. आतल्या कडेला नुसता चिखलाचा राडा. पळणाऱ्या पोरी वीसेक असतील. बऱ्याच जणींचे बूट जुने, झिजलेले. रक्षिताचे सगळ्यांत स्वच्छ. रेषेवर उभी राहण्याआधी तिने खाली वाकून बुटावरचा मातीचा शिंतोडा बोटाने पुसला. मी ते पाहिलं, पण डोक्यात गेलं नाही.

सुरुवात चांगली. पहिल्या सहा-सात जणींत. वळणावर आल्यावर सगळ्या पोरी आतल्या कडेने राड्यातून गेल्या आणि आमची बाहेरून, कोरड्यातून, लांबचा वळसा घेऊन. मला वाटलं घसरायची भीती. सरळ रस्त्यावर तिने दोघींना गाठलं. पुन्हा वळण, पुन्हा बाहेरून. जे सरळ रस्त्यावर मिळवत होती ते वळणावर घालवत होती. फेरीमागून फेरी तेच. मी खुर्चीवरून उठले.

"आत घे! आत!" मी ओरडले.

तिने ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. मग खाली, बुटांकडे पाहिलं, आणि पुन्हा बाहेरून गेली.

शेजारी केशर पुटपुटली, "राड्यात कशी घालंल? तुमचं हाईत."

मी केशरकडे पाहिलं. महिनाभर जे माझ्यासमोर होतं ते मला तिथे, त्या उन्हात, दिसलं. तेव्हा पुढे सहा जणी होत्या. दोनच फेऱ्या राहिल्या होत्या.

मैदानाच्या दोरीखालून वाकून मी वळणाकडे निघाले. पळाले, असं सुप्रिया म्हणते. एक माणूस "मॅडम, आत येऊ नका" म्हणत मागे आला. मी त्या राड्याशी जाऊन उभी राहिले, ती येत होती, तोंड लाल, डोळे बाहेरच्या कोरड्या पट्ट्यावर.

"रक्षिता! घाल राड्यात! बूट तुझे आहेत! फाटू देत, तुझे आहेत!"

ती क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिली, पळता पळता. मग आत वळली. पहिलं पाऊल चिखलात पडलं तेव्हा माझ्या अंगावर शिंतोडे उडाले, तोंडावरसुद्धा. त्यानंतर मी जी मुलगी पाहिली ती तालुक्याच्या शर्यतीतली. पाय जमिनीला लागत नव्हते. एकीला वळणावरच टाकलं, दुसरीला सरळ रस्त्यावर. शेवटच्या वळणावर पुन्हा राडा, पुन्हा आत. चौथी मुलगी कारवारचीच होती, तिचे लोक दोरीपाशी ओरडत होते. दोघी बरोबरीने आल्या. मला रेषा दिसत नव्हती, मी चुकीच्या टोकाला उभी होते.

केशर पळत आली, चपला हातात. ओरडत काहीतरी सांगत होती, वाऱ्यात ऐकू येईना. जवळ आल्यावर कळलं.

"चवती! टीचरबाय, चवती!"

रक्षिता मैदानात बसून बूट काढत होती. उजव्या मोज्याला रक्त लागलं होतं. मी जाऊन उभी राहिले. तिने चिखलाने भरलेला बूट माझ्यापुढे धरला. तो उजवीकडे शिवणीपाशी फाटला होता.

"ओरखडा आला, टीचर."

"दिसतोय मला," मी म्हणाले. "चांगला आहे."

टाच: चालवेना. सुप्रियाने रिक्षा बोलावली.

२८ मे

फिजिओला फोन केला. शर्यतीत पळालात का, म्हणून ओरडली. मी ऐकून घेतलं. सँडल आता घरात स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतात. त्यापुढे नाहीत.

९ जून

आज कारवारच्या वसतिगृहात वॉर्डनबाईंच्या स्वाधीन केलं, केशरच्या समक्ष:

मुलगी एक, रक्षिता. नवी बॅग एक, केशरने गणेशगुडीसाठी घेतलेली. कपडे, वह्या, दहावीचा दाखला. केशरने दिलेली कोकमाच्या तेलाची बाटली एक. तशीच दुसरी बाटली तिने माझ्या पिशवीत न विचारता टाकली.

बूट एक जोड, पातळ तळाचे. उजवा शिवणीपाशी फाटलेला, पुंडलिकने टाके घालून दिलेला. मातीचे डाग गेलेले नाहीत. वसतिगृहात सगळ्यांना जाड तळाचे बूट देतात, ते हिला सक्तीचे करू नयेत, असं वॉर्डनबाईंना आणि प्रशिक्षकांना उभ्या उभ्या सांगितलं.

बूट हिचे आहेत, परत घ्यायचे नाहीत, हे केशरला ऐकू जाईल असं मोठ्याने सांगितलं. दोनदा.